नळीमागच्या ओळी

मागच्या अंकात सिकलसेलच्या, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, तपासणीवर दीड पान लिहिलं, तेव्हापासून टपालात दुसरा विषयच नाही. पत्रं निवडताना एकच गोष्ट पाहिली: माझ्या उत्तराने कुणाचं काही अडलेलं सुटेल का. पत्रलेखकांची नावं छापत नाही, गाव तेवढं देते. नाव छापलं की ठरलेलं लग्न मोडतं, हे मी नागपुरात रक्ताच्या नळ्या हाताळताना एकतीस वर्षं पाहिलंय.

वरोऱ्याहून एक शिक्षक लिहितात: माझ्या मुलीच्या दहा वर्षांपूर्वीच्या रिपोर्टात "बीटा साखळी, सहावं स्थान, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन" असं आहे. यंदा तिची डीएनए तपासणी केली, त्यात "सातवं स्थान" आलंय. तिच्यात आणखी एक दोष तयार झाला का? की कुठली तरी लॅब चुकली?

सर, लॅब एकही चुकलेली नाही आणि मुलीत नवीन काही झालेलं नाही. दोघांनी डबा एकच मोजलाय, एकाने इंजिन धरून आणि दुसऱ्याने सोडून.

तुमच्या स्टेशनावरून कोळशाच्या मालगाड्या जातात. हिमोग्लोबिनची बीटा साखळी ही तशीच १४६ डब्यांची गाडी समजा, एकेक डबा म्हणजे एकेक अमिनो आम्ल. कोणत्या डब्यामागे कोणता जोडायचा, हा हुकूम अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात ए, टी, जी आणि सी अशा चार अक्षरांत लिहिलेला असतो. पेशी तो तीन-तीन अक्षरांनी वाचते. पहिलं त्रिकूट एटीजी, म्हणजे "इथून सुरू". या सुरुवातीच्या खुणेसाठीही मेथिओनिन नावाचा एक डबा जोडला जातो. गाडी जरा पुढे सरकली की तो काढून टाकतात. रक्तात फिरणाऱ्या तयार साखळीत तो नसतोच.

जुन्या लोकांकडे डीएनए वाचायची सोय नव्हती, हातात होतं ते तयार प्रथिन. ते लाल पेशीतून काढायचं, तोडायचं आणि तुकडे मोजायचे. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५६ साली हेच केलं. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आणि सिकल रुग्णाचं हिमोग्लोबिन, दोन्ही ट्रिप्सिन या पाचक रसाने तोडली. तुकडे ओल्या गाळणकागदावर आधी विजेने एका दिशेला आणि मग द्रावणाने आडव्या दिशेला पसरवले. कागदावर तीसेक ठिपके उमटले. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर सगळे ठिपके जागच्या जागी, एकच तेवढा सरकलेला. त्या ठिपक्याच्या मागे लागून पुढच्या वर्षापर्यंत त्यांनी सांगितलं की फरक फक्त एका अमिनो आम्लाचा आहे. दोन हिमोग्लोबिनांवरचा विद्युतभार वेगळा आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ सालीच दाखवलं होतं. पण फरक नेमका कुठल्या तुकड्यात, ते या एका ठिपक्याने दाखवलं. ही मोजणी तयार साखळीवरची, म्हणून तो डबा सहावा. आता डीएनएवरून मोजतात, त्यात मेथिओनिन धरतात, म्हणून तोच सातवा. अक्षरांत सांगायचं तर विसावं अक्षर ए हवं तिथे टी आहे. जीएजी हे त्रिकूट जीटीजी झालं.

तुमचा गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. तयार साखळीत सहाव्या डब्याच्या पाठचा सातवा डबाही ग्लुटामिक आम्लाचाच असतो. जनुकात जीएजी जीएजी असं लागोपाठ दोनदा येतं. त्यामुळे एका रिपोर्टात सहावं आणि दुसऱ्यात सातवं ग्लुटामिक आम्ल गेलं असं वाचून दोन शेजारी गेल्यासारखं वाटतं. गेलंय एकच, पहिलं. दुसरं जागेवर आहे.

त्या एका डब्याने एवढं काय होतं? ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो आणि ते पाण्यात रमतं. व्हॅलिन तेलकट, त्याला पाणी नको असतं. बदल साखळीच्या आत कुठे पोटात झाला असता तर गोष्ट वेगळी असती, पण हा डबा बाहेरच्या अंगाला आहे. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक तेलकट खोबण उघडी पडते. व्हॅलिन तिच्यात बरोबर बसतं, काजात बटण बसावं तसं. त्या रेणूला तिसरा, तिसऱ्याला चौथा, असा चौदा पदरांचा दोर तयार होतो आणि पेशीला आतून ताणतो. मग ती विळ्यासारखी दिसते. चांगली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा ते वीस. शिवाय ती बारीक रक्तवाहिनीत अडकते. मुलीचे पाय दुखतात म्हणून लिहिलंय ना तुम्ही, ते हे. थंडीत, तापात आणि पाणी कमी प्यायल्यावर वाढतं. शाळेत तिला बाटली जवळ ठेवू द्या आणि लघवीला जायचं म्हटलं तर अडवू नका. तुम्ही शिक्षक आहात म्हणून मुद्दाम सांगते.

लातूरहून बारावीचा विद्यार्थी: नीटच्या क्लासमध्ये "उत्परिवर्तन म्हणजे प्रथिन बिघडणे" अशी व्याख्या दिली. मग प्रत्येक उत्परिवर्तनाने आजार व्हायला नको का?

बाळा, ती व्याख्या परीक्षेपुरती वहीत राहू दे, डोक्यात नेऊ नकोस. उत्परिवर्तन म्हणजे डीएनएतली अक्षरं बदलणं, एवढंच. तू स्वतः जन्मलास तो आईवडील दोघांतही नसलेली साठ-सत्तर नवी अक्षरं घेऊन. मीही तशीच, तुझे क्लासवाले सरही तसेच. बहुतेक अक्षरं अशा जागी पडतात की कुणाला पत्ता लागत नाही.

एक वाक्य घे. सगळे शब्द तीन अक्षरांचे, काना-मात्रा काही नाही:

मदन नरम गवत उपट

आता शेवटच्या ट चा ड कर. "मदन नरम गवत उपड." आमच्याकडे उपटणं आणि उपडणं दोन्ही चालतं, गवत निघाल्याशी मतलब. हा बदल मूक. बीटा साखळीच्या जनुकात दुसऱ्या डब्याचं त्रिकूट काहींमध्ये सीएसी असतं, काहींमध्ये सीएटी. दोन्हींचा अर्थ हिस्टिडीन. त्रिकुटं ६४ आणि अमिनो आम्लं २०, म्हणून एका आम्लाला अनेकदा दोन-चार शब्द असतात. निरोगी माणसांत हा फरक इतका आढळतो की रिपोर्टात त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही.

आता न चा ग कर. "मदन गरम गवत उपट." वाक्य व्याकरणात बसतं, मदन कामालाही लागतो, पण हात भाजतो. सिकलसेल हे असं आहे. सगळे डबे जोडले गेले, एक तेवढा दुसरा आला. याच जागेवर आणखी एक बदल होतो, तो परीक्षेत विचारत नाहीत पण मला फार आवडतो. त्याच जीएजीमध्ये मधलं अक्षर न बदलता पहिलं बदललं तर एएजी होतं, म्हणजे लायसिन. याला हिमोग्लोबिन सी म्हणतात. ते मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांत सापडतं. त्रिकूट तेच, डबा तोच, पण लायसिन तेलकट नाही, त्यामुळे खोबणीत बसत नाही आणि दोरही वळला जात नाही. आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, जनुकाच्या दोन्ही प्रती सी असलेल्या माणसाला साधारण सौम्य पंडुरोग होतो, सिकलच्या कळा येत नाहीत. एकाच जागेवरच्या दोन बदलांत एवढं अंतर पडतं.

मग पूर्णविराम मध्येच पडतो तो प्रकार. "मदन नरम." आणि संपलं. बीटा साखळीत पंधराव्या डब्याचं त्रिकूट टीजीजी असतं. थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिनची साखळीच कमी बनते तो आजार. भारतात सापडणाऱ्या त्याच्या एका प्रकारात या त्रिकुटाचं टीएजी होतं आणि टीएजी म्हणजे "थांबा". चौदा डब्यांवर गाडी खलास. असली तुटकी साखळी कामाची नाही, पेशी तो हुकूमच फाडून टाकते.

शेवटचं, र गाळ. पण शब्द तीन-तीन अक्षरांनीच वाचायचे, पेशीला दुसरं येत नाही:

मदन नमग वतउ पट

एक अक्षर गेलं आणि त्याच्यापुढचं सगळं वाक्य गेलं. अक्षर वाढलं तरी हेच. आठव्या आणि नवव्या डब्याच्या मध्ये एक जी जास्तीचा घुसतो, तो आपल्याकडच्या थॅलेसेमियातला नेहमीचा गडी. आता तू हुशार असशील तर विचारशील, तीन अक्षरं एकदम गेली तर? तर वाचन पुन्हा रुळावर येतं, फक्त एक डबा कमी. "मदन गवत उपट" म्हटलं तरी काम होतं. पण यावर विसंबू नकोस. सिस्टिक फायब्रोसिसच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात तीनच अक्षरं गळतात, १४८० डब्यांच्या साखळीतला ५०८वा एक डबा जातो, आणि तेवढ्याने प्रथिनाची घडी नीट पडत नाही. पेशी ते बाहेर पाठवायच्या आधीच मोडून टाकते.

म्हणजे बदल किती अक्षरांचा यापेक्षा तो पडला कुठे, हे विचार. क्लासमध्ये विचारलंस तर माझं नाव सांगू नकोस.

नागपूरहून एक तरुणी: माझा पॅटर्न एएस आहे. होणाऱ्या नवऱ्याची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली. घरचे म्हणतात, झालं, सुटलो. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. आणखी काही बघायला हवं का?

हवं. एएस म्हणजे जनुकाची एक प्रत चांगल्या हिमोग्लोबिनची (ए) आणि एक सिकलची (एस); दोन्ही प्रती एस असल्या की एसएस, म्हणजे आजार. साखरपुडा करा, पण त्याच्या आधी दोघांची एचपीएलसी, म्हणजे रक्तातली हिमोग्लोबिनं वेगळी करून मोजणारी तपासणी, करून घ्या. का, ते जरा लांबण लावून सांगते. ही चूक मी स्वतः केलेली आहे.

सोल्युबिलिटीची चाचणी तुम्ही पाहिली असेल. छोट्या काचेच्या नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, पाच मिनिटं थांबायचं. सिकलचं हिमोग्लोबिन विरघळत नाही, नळी गढूळ होते. नळीमागे छापील ओळी धरतात. ओळी वाचता आल्या तर निगेटिव्ह, दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. त्यासाठी छापलेलं कार्ड मिळतं. आमच्याकडचं कधीच हरवलं होतं, आम्ही त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरायचो.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. असंच एक जोडपं आलं, मुलगी एएस. मुलाचा थेंब टाकला, नळी लख्ख. मागे बाजारभावाचं पान होतं, संत्र्याचा भाव मी नळीतून मोठ्याने वाचून दाखवला. मुलगा हसला. मी म्हटलं, बिनधास्त करा लग्न.

चार वर्षांनी ती बाई दीड वर्षाच्या पोराला घेऊन आली. दोन्ही हातांची बोटं वांग्यासारखी सुजलेली, पोटात पानथरी हाताला लागत होती, पोर रडून रडून थकलेलं. इलेक्ट्रोफोरेसिस लावली, त्यात विजेने हिमोग्लोबिनांच्या वेगवेगळ्या पट्ट्या पडतात. एस ची पट्टी ठळक, एफ म्हणजे गर्भातल्या हिमोग्लोबिनची थोडी, आणि ए ची शोधावी लागत होती. पट्टीवरून एसएसच वाटावं असं चित्र. एसएस व्हायला बापाकडूनही एस यायला हवा, आणि बापाची नळी तर मी स्वतः वाचली होती. परत बोलावलं, परत केली, परत लख्ख. मग आमच्या सरांनी त्याच्या रक्तातलं ए-टू, म्हणजे थोड्या प्रमाणात असणारं आणखी एक हिमोग्लोबिन, मोजायला सांगितलं. ते वाढलेलं निघालं. तो थॅलेसेमियाचा वाहक होता. बाई मला म्हणाली, "मॅडम, ती नळी तुम्हीच दाखवली होती ना आम्हाला?" मी हो म्हटलं.

त्याच्या जनुकात काय होतं ते पुष्कळ वर्षांनी डीएनए तपासणी आली तेव्हा कळलं. भारतात सगळ्यात जास्त सापडणारा बीटा थॅलेसेमियाचा बदल तोच: पहिल्या इंट्रॉनमधलं पाचवं अक्षर, जी हवं तिथे सी. इंट्रॉन म्हणजे जनुकातला असा मजकूर जो प्रथिनात उतरतच नाही. जनुकाची नक्कल झाली की पेशी तो कापून टाकते आणि उरलेली टोकं जोडते. कापड बेतताना शिंपी खडूने खूण करतो, तशी कुठे कापायचं याची खूण त्या अक्षरांत असते. पाचवं अक्षर बदललं की खूण पुसट होते. कात्री कधी बरोबर जागी चालते, बहुतेक वेळा भलतीकडेच. बरोबर कापलेल्या थोड्या नकलांपासून होणारी साखळी अगदी निर्दोष, १४६ डबे जसेच्या तसे. फक्त ती फार कमी तयार होते.

म्हणजे त्या माणसाच्या रक्तात चुकीचं प्रथिन नव्हतंच, आणि माझी नळी चुकीचंच प्रथिन शोधत होती. जे कमी पडतंय ते तिला दिसायचं कारणच नव्हतं. वाहकाची दुसरी प्रत चांगली असते, तेवढ्यावर त्याचं आयुष्य सुखाने जातं. पोराला आईकडून एस आला, बापाकडून ही कमी चालणारी प्रत आली, आणि एस ला सांभाळून घेणारं चांगलं हिमोग्लोबिन शरीरात जवळपास उरलंच नाही.

तुमच्यासाठी आता व्यवहाराचं. एचपीएलसीत होणाऱ्या नवऱ्याचं ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर आहे का पाहा, लॅबप्रमाणे ही रेघ जरा मागेपुढे असते. सोबत साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. लाल पेशी आकाराने लहान पण संख्येने भरपूर असं दिसलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. लोह फार कमी असेल तर ए-टू खोटं उतरतं, म्हणून दोन्ही कागद एकाच डॉक्टरांना दाखवा. सिंधी, पंजाबी, लोहाणा घरांत हा वाहकपणा जास्त सापडतो, पण "आमच्यात नसतं" असं म्हणणाऱ्या इतर बऱ्याच घरांतही तो मी मोजलेला आहे. तोही वाहक निघाला तर लग्न मोडायचं असं मी म्हणत नाहीये. तेव्हा दर गरोदरपणात चारात एक धोका आहे हे माहीत असेल, आणि पुढच्या पत्रात सांगते ती तपासणी वेळेत करता येईल.

धडगाव तालुक्यातून एक बहीण (पत्र आशाताईंनी लिहून दिलंय): मी एएस, माझे मालक पण एएस. दोन मुली चांगल्या आहेत. आता दोन महिने गेलेत. सासू म्हणते, हे रक्त तुझ्या माहेरचं. आणि वय वाढलं की माझं एएस चं एसएस होईल का?

ताई, शेवटचं आधी. नाही होणार. पॅटर्न जन्माच्या आधी ठरतो आणि मरेपर्यंत तोच राहतो. वय झालं, काम जास्त पडलं, चार बाळंतपणं झाली, तरी एएस चं एसएस होत नाही. तुमच्या प्रत्येक लाल पेशीत चांगलं हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त आहे. ते मध्ये मध्ये येतं म्हणून एस चा दोर वळला जात नाही. तुम्ही आजारी नाही.

सासूबाईंना सांगा, आणि आशाताई, हे तुम्ही वाचून दाखवा, एसएस मूल व्हायला दोन एस लागतात. एक आईचा, एक बापाचा. तुमच्या मालकांना त्यांचा एस त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडूनच मिळालाय, म्हणजे सासूबाईंच्या घरातूनच. भांडायला सांगत नाही, हिशोब सांगते. आणि हा एस या मुलखात एवढा टिकला त्याचं कारण मलेरिया. ज्याच्याकडे एकच एस, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंचसं संरक्षण मिळतं. हे १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून अ‍ॅलिसन या डॉक्टरांनी मांडलं, आणि सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंत जिथे जिथे मलेरियाचं रान तिथे एस सापडतो. तुमचे आणि मालकांचे आजे-पणजे ज्या तापातून वाचले, त्यात या अक्षराचा हात असेल.

दोन मुली चांगल्या झाल्या म्हणून तिसरं नक्की चांगलं, किंवा आता पाळी वाईटाची, दोन्ही खरं नाही. दर वेळेला चिठ्ठी नवी निघते. चारात एक वेळा एसएस, दोन वेळा तुमच्यासारखं एएस, एक वेळा अगदी मोकळं.

आता हे घाईचं. दोन महिने झालेत म्हणजे वेळ आत्ताच आहे. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाचा पॅटर्न कळतो. ही सोय धडगावला नाही, मोठ्या शहरात जावं लागेल. आशाताई, या आठवड्यातच वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी घ्या. तपासणी करायची का, आणि एसएस निघालं तर पुढे काय, हे ठरवणं त्या दोघांचं. डॉक्टरांचं नाही, सासूबाईंचं नाही, माझं तर नाहीच. तपासणी नाही केली तर निदान बाळ जन्मल्याबरोबर रक्त तपासायला द्या. पण नळीची चाचणी नको, एचपीएलसी. पहिले पाच-सहा महिने बाळाच्या रक्तात गर्भातलंच एफ हिमोग्लोबिन जास्त असतं, त्याच्यामुळे एस झाकलेला राहतो, नळी लख्ख दिसते आणि आपण फसतो.

अकोल्याहून: बीट, डाळिंब आणि गुळ-शेंगदाणे रोज खाऊन सिकलसेल जातो का? लोहाच्या गोळ्या चालू केल्या आहेत.

नाही जात. डाळिंब खा, चांगलं असतं. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. तुमच्या पेशी लवकर फुटतात आणि त्यांतलं लोह शरीरातच राहतं, त्यात रक्त चढवलेलं असेल तर आणखी साठतं. तुम्हाला कमी पडतं ते फॉलिक आम्ल, त्याची गोळी वेगळी.

पुण्याहून एक अभियंता: एकच अक्षर चुकलंय हे माहीत आहे, जागा माहीत आहे, क्रिस्पर आलंय. मग ते अक्षर खोडून दुरुस्त का करत नाहीत?

तुम्हा संगणकवाल्यांना हा प्रश्न पडणारच. क्रिस्पर म्हणजे डीएनए ठरल्या जागी कापायचं तंत्र. गंमत अशी की २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत जो पहिला क्रिस्पर उपचार मंजूर झाला तो सिकलसेलचाच, आणि त्यात ते अक्षर कुणी हातही न लावता तसंच ठेवलंय.

वर धडगावच्या ताईंना एफ हिमोग्लोबिनचं सांगितलं. गर्भात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते, तिच्यात हा दोष नाही आणि ती दोरात नीट गुंफलीही जात नाही. जन्मानंतर बीसीएल-इलेव्हन-ए नावाचं एक प्रथिन गॅमाचं जनुक बंद करतं. उपचारात रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढतात, त्यांच्यात त्या बंद करणाऱ्याचंच बटण कापतात, आणि पेशी परत सोडतात. एफ पुन्हा वाहू लागतं, एस तिथेच असतो पण त्याचं काही चालत नाही. नेमकं अक्षर अचूक बदलण्यापेक्षा एखादी गोष्ट कापून निकामी करणं सोपं, हे तुम्हाला मी काय सांगू.

अडचण पेशी परत सोडण्याआधीची आहे. अस्थिमज्जा कडक केमोथेरपीने रिकामी करावी लागते, महिना-दीड महिना रुग्णालयात, वंध्यत्वाचा धोका, आणि अमेरिकेत नुसत्या औषधाची किंमत २२ लाख डॉलर. आमच्या वॉर्डातल्या पोराचा बाप वीटभट्टीवर असतो.

त्याच एफ ला जरा वर आणणारी एक साधी कॅप्सूल आहे, हायड्रॉक्सीयुरिया. रोज घ्यायची आणि अधूनमधून रक्त तपासायचं. भारतातल्या सिकल रुग्णांत मुळातच एफ जास्त असतं, म्हणून पुस्तकांत आपला आजार "सौम्य" लिहिलेला असतो. मेडिकल कॉलेजच्या बालवॉर्डात हिवाळ्यातली एक रात्र काढलेल्याला तो शब्द पटत नाही. पण कॅप्सूल नेमाने घेतली तर कळा कमी येतात, हे मी रुग्णांच्या फाइलींत पाहिलंय. तुमच्या ओळखीत कुणी असेल आणि "केमोचं औषध आहे" म्हणून घाबरून बंद केलं असेल, तर आधी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवा. क्रिस्परवर आपण नंतर बोलू.

जाता जाता: रिपोर्टांच्या झेरॉक्स पाठवा, मूळ कागद नको. माझ्याकडे ब्रह्मपुरीहून आलेला एक मूळ एचपीएलसी रिपोर्ट पडून आहे, पाकिटावर परतीचा पत्ता नाही. ज्यांचा असेल त्यांनी कळवावं. त्यातलं ए-टू ५.२ आहे, तेव्हा लवकर कळवा.